कुष्ठरोगाच्या जंतूनं गमावलेली जनुकं : जिवाणूंचं गुणसूत्र काळाच्या ओघात कसं बदलतं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

प्रतिजैविकांवरच्या धाग्यात बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की जिवाणू सतत नवी जनुकं गोळा करतात आणि म्हणून ते आपल्याला भारी पडतात. हे खरं आहे, पण ही निम्मीच गोष्ट झाली. जिवाणूचं गुणसूत्र भरतीनं जितकं बदलतं तितकंच गळतीनंही बदलतं. आणि गळतीचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या देशाच्या अगदी ओळखीच्या रोगाचं आहे. मी जिवाणूंच्या जनुकसंचांवर काम करते. हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्रे, १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांनी पाहिला. माणसाच्या रोगाशी ज्यांचं नातं सर्वात आधी लक्षात आलं अशा जिवाणूंपैकी हा एक. तरीही आजवर तो कुणालाच प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. त्याचा भाऊबंद असलेला क्षयाचा जंतू सावकाश का होईना, बशीत वाढतो. हा वाढत नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात तो भरपूर वाढतो हे कळलं, आणि तेव्हापासून संशोधनासाठी लागणारे जंतू मुख्यतः तिथूनच मिळतात. तिथंही एकाचे दोन व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला चांगलं खाद्य मिळालं तर वीस मिनिटं पुरतात.

असं का, याचं मोठं उत्तर २००१ मध्ये मिळालं. स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी या जंतूचं अख्खं गुणसूत्र वाचून काढलं. त्यासाठी घेतलेला वाण मूळचा तमिळनाडूचा होता, म्हणून त्याचं नावच टीएन आहे. गुणसूत्राची लांबी भरली ३२,६८,२०३ अक्षरं (म्हणजे डीएनएच्या जोड्या). क्षयाच्या जंतूची लांबी सुमारे ४४ लाख, ती याच गटानं १९९८ मध्ये वाचली होती. पण लांबीतला फरक ही काही मोठी बातमी नव्हती. क्षयाच्या जंतूत जवळपास ४,००० जनुकं आहेत. कुष्ठाच्या जंतूत चालू स्थितीतली जनुकं निघाली १,६०४, आणि मोडलेली, म्हणजे ओळखू येणारी पण धड प्रथिन न बनवणारी, निघाली १,११६. बहुतेक जिवाणूंच्या डीएनएचा ८५ ते ९० टक्के भाग प्रथिनांच्या कामी लागलेला असतो. इथं तो निम्म्याहूनही थोडा कमी आहे.

ओस पडलेल्या वाड्यात फिरताना चुलीची जागा, कोठीची खोली, माडीचा जिना उभ्या भिंतींवरून ओळखता येतो ना, तसं हे गुणसूत्र वाचता येतं. लोह गोळा करणारं रसायन बनवायची जनुकं क्षयाच्या जंतूत शाबूत आहेत, इथं ती नाहीत. श्वसनसाखळीचा मोठा भाग गेलेला. निरनिराळे अन्नपदार्थ पचवणाऱ्या विकरांच्या रांगाच्या रांगा गेलेल्या. पेशींच्या आत, आयतं खाणं मिळणाऱ्या जागी राहणाऱ्याला यातलं बरंचसं लागत नाही. बशीत मात्र लागतं.

ही जनुकं मोडली कशी? डीएनएची नक्कल होताना चुका होतच असतात, सगळ्याच जिवाणूंत. ज्या जनुकावाचून जगणं अशक्य, त्यात चूक झाली तर तो जिवाणू मरतो आणि चूक त्याच्याबरोबर जाते. ज्या जनुकाची गरजच उरलेली नाही, त्यातली चूक कुणीच गाळत नाही. ती पुढच्या पिढीत जाते, मग दुसरी चूक, मग तिसरी. त्यात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारे जंतू मोजकेच असतील, तर नैसर्गिक निवड आणखी दुबळी होते आणि थोडं नुकसान करणारी चूकसुद्धा निव्वळ योगायोगानं सगळीकडे पसरू शकते. बंद पेशीत राहणाऱ्याला दुसऱ्या जिवाणूकडून चांगली प्रत उसनी मिळण्याची संधीही जवळजवळ नसते. म्हणून गेलेलं परत येत नाही.

प्रश्न, शंका, हरकती जरूर लिहा.

त्वचावैद्य

उत्तम धागा. कुष्ठरोगाच्या रुग्णांसोबत बरीच वर्षं काम करतोय, म्हणून एक भर घालतो. क्षयावरचं आयसोनियाझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध कुष्ठरोगावर चालत नाही. जंतू एकाच कुळातले असून असं का, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचं उत्तर याच मोडक्या जनुकांत आहे ना?

पाटीपेन्सिल

हो डॉक्टर, अगदी तिथंच आहे. आयसोनियाझिड जसंच्या तसं निरुपद्रवी असतं. क्षयाच्या जंतूचं कॅटजी नावाचं विकर त्याला जागं करतं आणि मग ते जंतूलाच मारतं. कुष्ठाच्या जंतूत कॅटजी मोडलेलं आहे, त्यामुळे औषध जागंच होत नाही. लक्षात घ्या, औषधाशी झगडून मिळवलेला हा प्रतिकार नाही. औषध जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे जनुक गेलं होतं.

सरळरेषा

लेख आवडला, पण एक हरकत आहे. याला आपण उत्क्रांती का म्हणायचं? हा तर उघड ऱ्हास आहे. आणि दुसरं, जंतू असा झिजतच चाललाय तर काही शतकांत आपोआप संपेल असं मानायला जागा आहे का?

पाटीपेन्सिल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर थेट मोजमापातून मिळालंय.

२००९ मध्ये ब्राझीलमधल्या एका वाणाचं गुणसूत्र वाचून तमिळनाडूच्या वाणाशी ताडून पाहिलं गेलं. साम्य निघालं ९९.९९५ टक्के, म्हणजे लाखात साधारण पाच अक्षरांचा फरक. २०१३ मध्ये युरोपातल्या मध्ययुगीन सांगाड्यांतून जंतूचा डीएनए काढून वाचला, तोही आजच्या जंतूंशी विलक्षण जुळणारा. म्हणजे मोठी पडझड गेल्या काही शतकांतली नाहीच. त्याचा एक जवळचा नातेवाईक, मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस, २००८ मध्ये ओळखला गेला. त्याचं गुणसूत्र वाचल्यावर दिसलं की दोघांची बरीचशी मोडकी जनुकं एकच आहेत. म्हणजे दोघे वेगळे होण्याआधीच, सामाईक पूर्वजात, ती मोडली होती. आणि वेगळे होण्याचा अंदाज आहे सव्वा कोटी वर्षांहूनही आधीचा. तेव्हा आता जे चालू स्थितीत उरलंय, त्यावर निवडीचा पहारा कडक आहे. तो आपोआप संपेल या भरवशावर राहू नये. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात.

पहिल्या हरकतीबद्दल : पिढ्यांगणिक जनुकसंच बदलतो, त्यातला काही बदल निवडीमुळे होतो, काही योगायोगानं. जनुकं वाढतात की घटतात यावरून त्या प्रक्रियेची जात बदलत नाही. मज्जातंतूंभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशीत शिरून वर्षानुवर्षं टिकून राहणं हे काही सोपं काम नाही, आणि १,६०४ जनुकांत ते या जंतूला जमतं. दुर्बळ म्हणावं असं मला त्यात काही दिसत नाही.

शिवारफेरी

वाचतोय. आमचा संबंध कपाशी नि ज्वारीशी, जंतूंशी कमी. पण कृषी विद्यापीठातल्या एका व्याख्यानात ऐकलं होतं की मावा किडीच्या पोटात एक जिवाणू असतो, त्याशिवाय मावा जगत नाही, आणि त्याचीही जनुकं अशीच कमी झालेली असतात. याबद्दल लिहाल का ताई?

पाटीपेन्सिल

दादा, फार छान आठवण केलीत! त्या जिवाणूचं नाव बुखनेरा. मावा झाडाचा जो रस शोषतो त्यात साखर भरपूर (म्हणून तर पानांवर चिकटा पडतो), पण प्रथिनांसाठी लागणारी आवश्यक अमिनो आम्लं अगदी तुटपुंजी. ती बुखनेरा बनवून देतो. माव्याच्या शरीरात त्याच्यासाठी खास पेशी असतात आणि आईकडून पिल्लांकडे तो थेट जातो. हे साटंलोटं १५ कोटींहून जास्त वर्षांचं मानलं जातं.

बुखनेरा मूळचा ई. कोलायच्या गोतावळ्यातला. ई. कोलायचं गुणसूत्र ४६ लाख अक्षरांचं, बुखनेराचं ६,४०,६८१. हे २००० साली जपानी संशोधकांनी वाचलं. काय गेलं आणि काय राहिलं ते पाहण्यासारखं आहे. पेशीचं बाहेरचं आवरण बनवणारी, बाहेरच्या बदलांना तोंड देणारी, डीएनए दुरुस्त करणारी बरीच जनुकं गेली. माव्याला हवी असलेली अमिनो आम्लं बनवणारी जनुकं राहिली. ती गेली असती तर मावा मेला असता, आणि त्याच्यासकट बुखनेराही.

कुष्ठाच्या जंतूत मोडकी जनुकं ढिगानं दिसतात, बुखनेरात फार थोडी. कारण जिवाणूंमध्ये डीएनएचे तुकडे गळून जाण्याकडे मुळातच कल असतो. २००१ मध्ये मीरा, ऑकमन आणि मोरान यांनी हे नीट मांडलं : तुकडे घुसतात त्यापेक्षा गळतात जास्त. म्हणून निकामी जनुक आधी मोडतं, मग तुकड्यातुकड्यानं नाहीसं होतं. बुखनेरात ती साफसफाई कधीच उरकली. कुष्ठाच्या जंतूत ती अर्ध्यावर आहे, आणि म्हणूनच आपल्याला तिथं काय होतं ते वाचता येतं.

संत्र्यावरच्या सिट्रस सायलाच्या कुळातले कीटक तर याहून पुढचे. त्या कुळातल्या एका अमेरिकी किडीतल्या कार्सोनेला या जिवाणूचं गुणसूत्र २००६ मध्ये वाचलं, ते भरलं जेमतेम १ लाख ६० हजार अक्षरांचं. एवढ्यात जीव कसा मावतो यावर तेव्हा बराच वाद झाला.

दवबिंदू

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. जनुकं जातात-येतात हे कळलं, पण गुणसूत्रावरचा त्यांचा क्रमही बदलतो असं आम्हाला शिकवलं. दोन जातींची गुणसूत्रं एकमेकांसमोर मांडली की आलेखावर फुलीसारखी आकृती येते, ती का येते हे काही केल्या समजत नाहीये. परीक्षा तोंडावर आहे, कुणी सांगेल का?

पाटीपेन्सिल

दवबिंदू, गोल गुणसूत्र डोळ्यांसमोर आण. नक्कल एका ठरलेल्या जागेपासून सुरू होते, तो आरंभबिंदू. तिथून दोन यंत्रणा दोन्ही बाजूंनी निघतात आणि समोरच्या टोकाला, समाप्तीपाशी भेटतात. ई. कोलायमध्ये त्यांचा वेग सेकंदाला हजार अक्षरांच्या आसपास असतो, म्हणजे पूर्ण फेरीला साधारण चाळीस मिनिटं. पण पेशी वीस मिनिटांत दुभंगू शकते! हे जमतं कारण पहिली नक्कल संपायच्या आत आरंभबिंदूवर दुसरी सुरू झालेली असते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते : झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीत आरंभबिंदूजवळच्या जनुकांच्या प्रती जास्त असतात, समाप्तीजवळच्यांच्या कमी. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची जनुकं आरंभबिंदूच्या बाजूला का दिसतात ते आता तुझ्या लक्षात येईल.

आता समज, गुणसूत्राचा एक लांब तुकडा उलटा बसला. तो एकाच बाजूचा असेल, तर त्यातल्या जनुकांचं आरंभबिंदूपासूनचं अंतर बदलतं, आणि ती नक्कल-यंत्रणेच्या दिशेच्या विरुद्धही होतात. हे बहुधा महागात पडतं. पण आरंभबिंदू (किंवा समाप्ती) मधोमध धरून दोन्हीकडून सारख्या अंतरावर तुकडा उलटला, तर डावीकडचं जनुक उजवीकडे जातं, अंतर तेवढंच राहतं, आणि यंत्रणेच्या प्रवासाशी असलेली दिशाही तीच राहते. असे बदल खपून जातात आणि साठत जातात. दोन जातींची तुलना केली की काही जनुकं मूळ जागी असतात, त्यांची एक तिरकी रेघ. काही समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर गेलेली, त्यांची दुसरी तिरकी रेघ. तीच तुझी फुली. २००० साली आयझेन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच जिवाणूंत ती दाखवली. उत्तरपत्रिकेत अंतर आणि दिशा हे दोन्ही मुद्दे आवर्जून लिही, बरेच जण एकच लिहितात.

तुकडे उलटतात कुठे? जिथं एकसारख्या अक्षरांच्या ओळी दोन ठिकाणी असतात तिथं. पेशीची जोडणी-यंत्रणा त्या दोन जागांची गल्लत करते. प्लेगच्या जंतूत उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या प्रती पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याच्या गुणसूत्राची उलटापालट खूप झालेली दिसते. कुष्ठाच्या जंतूचं गुणसूत्र क्षयाच्या जंतूशी जुळवलं तर साधारण ६५ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात क्रम जुळतो, तुकड्यांचा आपापसातला क्रम जुळत नाही. बुखनेराचं बरोबर उलट. त्यानं पुनरावृत्त ओळी जवळपास गमावल्या, जोडणी-यंत्रणेतलं रेक-ए हे जनुकही गमावलं. २००२ मध्ये दोन वेगळ्या जातींच्या माव्यांतले बुखनेरा ताडून पाहिले. वेगळे होऊन त्यांना ५ ते ७ कोटी वर्षं झाली असतील, तरी जनुकांचा क्रम जसाच्या तसा होता, आणि बाहेरून आलेलं एकही जनुक नव्हतं.

दवबिंदू

आता कळलं! दिशेचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. खूप आभार ताई.

उंबरठा

चर्चा वाचून राहवलं नाही. पाटीपेन्सिल, तुमच्या मांडणीतून असं वाटतं की जनुक जातं ते केवळ त्याची गरज उरली नाही म्हणून. पण काही वेळा जनुक जाणंच फायद्याचं असतं. शिगेला घ्या. रक्ती आव करणारे हे जिवाणू वंशावळीनं ई. कोलायच आहेत. ई. कोलायच्या बहुतेक वाणांत लायसीन या अमिनो आम्लापासून कॅडाव्हरिन हे रसायन बनवणारं जनुक असतं, शिगेलात ते गेलेलं किंवा निकामी असतं. १९९८ मध्ये मॉरेली यांच्या गटानं ते जनुक शिगेलात परत घातलं, तर कॅडाव्हरिनमुळे त्याच्या विषाचा परिणाम मंदावला. शिगेलाच्या निरनिराळ्या वंशांत हे जनुक स्वतंत्रपणे गेलंय. हा योगायोग म्हणता येणार नाही.

पाटीपेन्सिल

पूर्ण सहमत, आणि हे उदाहरण इथं यायलाच हवं होतं. दोन्ही गोष्टी घडतात. एखादं विशिष्ट जनुक का गेलं हे नुसतं गुणसूत्र बघून सांगता येत नाही, तुम्ही म्हणता तसं ते परत घालून पाहावं लागतं. कुष्ठाच्या जंतूबाबत तीच तर मोठी अडचण आहे, कारण तो बशीतच वाढत नाही.

डोळ्यांदेखत गळती बघायची असेल तर रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलायच्या एकाच पूर्वजापासून बारा चंबू सुरू केले. रोज प्रत्येकातला शंभरावा हिस्सा नव्या, साखर कमी असलेल्या द्रवात टाकायचा. पाचशे पिढ्या झाल्या की थोडे जिवाणू गोठवून ठेवायचे, म्हणजे पूर्वजांना पुन्हा जिवंत करून वंशजांशी त्यांची शर्यत लावता येते. हा प्रयोग ७५,००० पिढ्यांच्या पुढे गेलाय. त्या द्रवात त्यांना खाता येईल असं फक्त ग्लुकोज होतं. पहिल्या २,००० पिढ्यांतच बाराच्या बारा चंबूंतल्या जिवाणूंनी रायबोज नावाची साखर वापरण्याची क्षमता गमावली. शेजारी बसलेल्या एका उड्या मारणाऱ्या तुकड्यामुळे तो भाग गळण्याचा वेग मुळातच जास्त होता, आणि गळाल्यावर वाढीत सुमारे दीड टक्क्याचा फायदाही झाला. म्हणजे तुमची आणि माझी दोन्ही कारणं एकाच जागी! ५०,००० पिढ्यांनंतर गुणसूत्रं सरासरी ६३ हजार अक्षरांनी आखूड झाली होती.

याच प्रयोगात भरतीही दिसली, तीही बाहेरून काही न येता. ३१,००० पिढ्यांनंतर एका चंबूतले जिवाणू द्रवातलं सायट्रेट खाऊ लागले. हवा असताना ई. कोलायला ते पेशीत घेता येत नाही. सायट्रेट आत आणणारं जनुक त्याच्याकडे होतं, पण प्राणवायू असताना बंद असायचं. गुणसूत्राचा एक छोटा भाग दुप्पट झाला आणि त्या जनुकाची दुसरी प्रत नेमकी चालू असलेल्या शेजाऱ्याच्या नियंत्रणाखाली जाऊन बसली. हे बाकीच्या अकरा चंबूंत घडलेलं नाही.

सरळरेषा

हे फारच रोचक आहे. मग ज्यांना बाहेरून जनुकं मिळतात, त्यांच्यात किती फरक पडतो? काही आकडे देता येतील का?

पाटीपेन्सिल

देते. ई. कोलायचा प्रयोगशाळेतला के-१२ हा वाण १९९७ मध्ये वाचला, ४६ लाख अक्षरं. २००१ मध्ये ओ-१५७ वाचला, ज्यानं १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलांना आजारी पाडलं होतं. त्याची लांबी ५५ लाख. दोघांत सामाईक सुमारे ४१ लाख. बाकी प्रत्येकाचं वेगळं, आणि ओ-१५७ चं घातक विष विषाणूनं आणलेल्या जनुकांतलं. २००२ मध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गातला तिसरा वाण त्यांच्या शेजारी ठेवला. तिघांची मिळून जेवढी प्रथिनं होतात त्यातली तिघांत सामाईक फक्त ३९.२ टक्के. एकाच जातीत!

आपल्या इथलं उदाहरण कॉलऱ्याचं. त्याच्या जंतूला दोन गुणसूत्रं असतात, आणि कॉलऱ्याचं विष बनवणारी जनुकं मुळात एका विषाणूची आहेत. वाल्डोर आणि मेकालानोस यांनी ते १९९६ मध्ये दाखवलं. १९९२ मध्ये मद्रासकडे आणि मग बंगालमध्ये ओ-१३९ हा नवाच प्रकार उसळला. जुन्याच वाणानं पेशीच्या बाह्य आवरणाची जनुकं दुसऱ्याकडून घेऊन आपली बदलली होती. आधी कॉलरा होऊन गेलेल्या मोठ्या माणसांनाही त्यामुळे पुन्हा तो होऊ लागला, कारण त्यांची प्रतिकारशक्ती जुनं आवरण ओळखणारी होती.

आतड्यात, नदीत, खाडीत असंख्य शेजारी असतात. देवाणघेवाण तिथं होते. माव्याच्या पेशीत किंवा माणसाच्या मज्जातंतूत शेजारीच नाहीत. मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच : जिवाणू कुठे राहतो हे कळलं, की त्याचं गुणसूत्र कोणत्या दिशेनं बदलेल याचा बराच अंदाज बांधता येतो.

शिवारफेरी

मावा फवारणीच्या आधी आता जरा निरखून बघीन. धन्यवाद ताई.

त्वचावैद्य

जाता जाता दवाखान्यातल्या उपयोगाचं सांगतो. कुष्ठाच्या जंतूत आरलेप नावाची एक ओळ गुणसूत्रावर सुमारे ३७ ठिकाणी पुन्हा पुन्हा येते. एकच जनुक शोधण्यापेक्षा ही ओळ शोधणं सोपं जातं, म्हणून नमुन्यात जंतू अगदी थोडे असले तरी पीसीआर चाचणीत ते सापडू शकतात. जंतू बशीत वाढत नसल्यामुळे औषधाला दाद देतो की नाही हेही डीएनए वाचूनच पाहावं लागतं. रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी, डॅप्सोनसाठी फोलपी-१ आणि ऑफ्लोक्सासिनसाठी जायर-ए या जनुकांतल्या ठरावीक जागा तपासतात. पूर्ण उपचारानंतर पुन्हा चट्टे आले तर ही तपासणी करून घ्यावी.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांना : बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषधं तिथं मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो, तो पूर्ण करा. उपचार लवकर सुरू झाले तर हातापायांची विकृती टळते.